लाकडाची भट्टी गॅसवर गेली. हवा किती सुधारली हे मोजायचं कसं?

मागे एका गटाचा अहवाल तपासायला आला होता. बेकरीची भट्टी लाकडावरून गॅसवर गेली, आणि गल्लीतलं पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) 'निम्म्याहून खाली आलं' असा निष्कर्ष. आलेख रंगीत, मांडणी नेटकी. फक्त आधीची मोजणी जानेवारीतली आणि नंतरची जुलैतली. पोरांनी पावसाचं श्रेय गॅसला देऊन टाकलं होतं.

ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की आता अहवाल हातात आला की आधी तारखा बघतो. मुंबईत तर या चुकीला आयतंच निमंत्रण होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. ती संपली जुलैत, ऐन पावसाळ्यात.

पुढचं सगळं महाविद्यालयीन प्रकल्प, 'आविष्कार'सारख्या विद्यापीठीय संशोधन स्पर्धा किंवा वॉर्डातल्या एखाद्या संस्थेचा छोटा अभ्यास डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरण बेकरीचं आहे, पण वीटभट्टी, गुऱ्हाळ, कापड प्रोसेसचा बॉयलर यांनाही क्रम हाच लागतो.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

'बेकरीमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा अभ्यास' हा प्रश्न नाही, ते फार तर फाइलचं नाव झालं. प्रश्न असा हवा: "भट्टी पेटलेली असताना, तिच्यापासून ३० मीटरवर, पीएम २.५ तुलनेच्या जागेपेक्षा किती मायक्रोग्रॅमने जास्त असतं, आणि इंधन बदलल्यावर ते जास्तीचं किती उरतं?"

(इथे आणि पुढे मायक्रोग्रॅम म्हणजे दर घनमीटर हवेतले.) यात काय मोजायचं, कुठे, कधी आणि कशाच्या तुलनेत, हे चारही आलं. यातलं एक जरी गाळलं तरी शेवटी हाती नुसते आकडे राहतात.

पीएम १०, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण, यात घेऊ नका. दोन-तीन हजारांत मिळणारे लेझर सेन्सर पडद्यावर पीएम १० चा आकडा दाखवतात खरे, पण जाड धूळ त्यांना नीट पकडता येत नाही. तो आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. रस्त्याच्या कामाची धूळ शेजारी उडत असली तरी तो निवांत असतो.

## टप्पा २ : सेन्सर मागवण्याआधी कॅलेंडर काढा

इथे घाई करू नका. अर्धा प्रकल्प याच टप्प्यावर जिंकला किंवा हरला जातो.

कागदावर बारा महिने मांडा. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, त्यावर गरम हवेचं झाकण, आणि धूर खालीच कोंडतो. पावसाळ्यात हवा धुतली जाते, वाराही जोरात असतो. एकच भट्टी, तेवढंच लाकूड, तरी जानेवारीचा आणि जुलैचा आकडा जुळणार नाही.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एका हिवाळ्यात लाकडावर आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच आठवड्यांत गॅसवर मोजणं. एका शैक्षणिक वर्षात हे बसत नाही, हे मला माहीत आहे. मग दुसरा मार्ग: बदल ज्या दिवशी होणार त्याच्या आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे, सगळे एकाच ऋतूत. तिसरा मार्ग: बदललेली एक बेकरी आणि अजून लाकडावर असलेली दुसरी, दोन्ही एकाच वेळी मोजायच्या. तिन्ही मार्गांत एक गोष्ट सुटता कामा नये, ती म्हणजे तुलनेची जागा.

तुलनेची जागा म्हणजे तीन-चारशे मीटरवरची, तशाच रुंदीची, तशाच रहदारीची, पण भट्टी नसलेली गल्ली. ती भट्टीच्या वाऱ्याखाली येत नाही ना, ते पाहा. आणि वारा पाहायचा तो भट्टी चालते त्या वेळचा. मुंबईत दुपारी वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्याच्या रात्री मात्र बहुधा जमिनीकडून समुद्राकडे जातो. दुपारी चार वाजता जाऊन 'वारा पश्चिमेचा' असं लिहून आलात आणि भट्टी पहाटे तीनला पेटणार असेल, तर तुमची तुलनेची जागा थेट धुराड्याच्या रेषेत सापडू शकते.

इथे थांबून तपासा: दिवाळीचा आठवडा, ३१ डिसेंबर, होळी हे मोजणीच्या काळात येतात का? रमजानमध्ये बेकरीचं उत्पादन आणि वेळ दोन्ही बदलतात, नाताळातही बदलतात. असे दिवस आधीच वहीत लाल शाईने लिहा. आकडे पाहिल्यावर दिवस वगळायला बसलात तर कोणीही विचारेल की सोयीचे तेवढेच का ठेवले.

## टप्पा ३ : परवानगी

बेकरीच्या मालकाला सगळ्यात आधी वाटतं की ही पोरं महापालिकेकडून आली आहेत. प्राचार्यांच्या सहीचं पत्र न्या आणि त्यात साध्या मराठीत तीन गोष्टी लिहा: काय मोजणार, यंत्र कुठे बसणार, बेकरीचं नाव अहवालात येणार नाही. 'ही माहिती कोणालाच कधीच मिळणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळणं तुमच्या हातात नाही.

सकाळी दहाला जाऊ नका. रात्रभर जागलेला माणूस तेव्हा झोपायला निघालेला असतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला चहा घेऊन बसा, अर्ध्या तासात काम होतं.

## टप्पा ४ : यंत्राची जोडणी

सेन्सर कोणताही घ्या, पण सगळे एकाच बनावटीचे घ्या आणि गरजेपेक्षा एक जास्त घ्या. दोन जागांसाठी किमान चार: भट्टीपाशी दोन, तुलनेच्या जागी एक, एक राखीव. एकाच जागी दोन ठेवायचे कारण, एकाच्या पंख्यात कोळी शिरला तर दुसऱ्यामुळे ते लगेच कळतं. (हसू नका, कोळी खरंच शिरतो.)

नेहमीच्या चार चुका:

घड्याळ. डेटा इंटरनेटवर पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. पहाटे तीनचा धूर फाइलमध्ये आदल्या रात्री साडेनऊला दिसतो. एका गटाने त्यावर 'रात्रीच्या स्वयंपाकामुळे वाढ' असा परिच्छेद लिहिला होता, तोही मोठ्या आत्मविश्वासाने. स्वतंत्र बॅटरीचं घड्याळ बसवा आणि वेळ भारतीयच नोंदवा. पहिल्याच दिवशी सेन्सरजवळ काडी विझवा, मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहा आणि उसळी फाइलमध्ये त्याच मिनिटाला दिसते का ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

वीज. साधी पॉवर बँक कमी भार दिसला की स्वतःहून बंद होते. सेन्सरची भूक इतकी थोडी की तिला वाटतं फोन चार्ज झाला. तीच घ्यायची असेल तर आधी घरी दोन रात्री चालवून बघा.

साठवण. वायफायच्या भरवशावर राहू नका. मेमरी कार्डवर प्रत्येक मिनिटाची नोंद हवीच, इंटरनेट जमलं तर वरचं.

चुकीचा रकाना. पीएमएस ५००३ सारखा सेन्सर पीएम २.५ चे दोन आकडे देतो, एक कारखान्यातल्या प्रमाण कणांसाठीचा आणि एक बाहेरच्या हवेसाठीचा. कमी धुळीत दोन्ही सारखेच दिसतात, धूर वाढला की फाटे फुटतात. कोणताही एक घ्या, पण चारही यंत्रांत तोच आणि शेवटपर्यंत तोच.

प्रत्येक पेटीत आर्द्रता आणि तापमान मोजणारा छोटा सेन्सर हवाच. पेटीच्या आतली हवा यंत्राच्या उष्णतेने जराशी कोरडी होते, म्हणून तो हवा जिथून आत येते त्या तोंडाशी बसवा.

## टप्पा ५ : सरकारी केंद्राशेजारी उभे करा

हा टप्पा गाळला तर पुढचं काही वाचण्यात अर्थ नाही. आणि सर्वांत जास्त गाळला जातो तोही हाच, कारण यात तीन-चार आठवडे जातात आणि दाखवायला फोटो मिळत नाही.

हे सेन्सर कण तोलत नाहीत. लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो ते बघून वजनाचा अंदाज बांधतात. लाकडाचा धूर, रस्त्याची धूळ आणि समुद्री मीठ यांचं वजन सारखं असलं तरी उजेड सारखा विखुरत नाही. त्यात आर्द्रता साधारण ७५-८० टक्क्यांवर गेली की कण पाणी पिऊन फुगतात. सेन्सरला ते मोठे दिसतात, आकडा वाढतो. हवेत भर पडलेली असते ती दमटपणाची, धुराची नाही.

म्हणून आधी सगळे सेन्सर एका टेबलावर तीन दिवस शेजारी शेजारी चालवा. तासाच्या सरासरीत एखादा सतत वेगळं बोलत असेल तर तो बाजूला ठेवा.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला महाविद्यालयामार्फत पत्र देऊन जवळच्या स्वयंचलित केंद्राच्या छतावर जागा मागा. मागणी विचित्र वाटायचं कारण नाही. मुंबईत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी कानपूरच्या साथीने स्वस्त सेन्सर असेच सरकारी केंद्रांशेजारी ठेवून तपासले होते. परवानगीला वेळ लागतो, पत्र दोन महिने आधी टाका. नाहीच मिळाली तर केंद्राला लागून असलेली गच्ची शोधा आणि अंतर अहवालात लिहा.

किती दिवस? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या चाचणी पद्धतीत किमान ३० दिवस धरले आहेत. त्यांच्या अपेक्षा २४ तासांच्या सरासरीसाठी अशा: केंद्र आणि सेन्सर यांच्या आकड्यांतून काढलेल्या सरळ रेषेत परस्परसंबंधाचा वर्ग (आर-स्क्वेअर) ०.७० किंवा जास्त, उतार (स्लोप) ०.६५ ते १.३५ च्या दरम्यान, छेद (इंटरसेप्ट) उणे ५ ते अधिक ५ मायक्रोग्रॅमच्या आत. तुमचा सेन्सर याच्या बाहेर गेला म्हणून प्रकल्प बुडत नाही, पण ते लिहावं लागतं.

केंद्राचा तासाचा डेटा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून उतरवता येतो. तोही डोळे मिटून घेऊ नका. तासन्‌तास एकच आकडा, उणे आकडे, किंवा ९८५ ला जाऊन चिकटलेलं वाचन दिसलं तर ते तास काढा. ९८५ ही तिथल्या एका नेहमीच्या यंत्राची वरची मर्यादा आहे, त्या हवेचं मोजमाप नाही.

त्यानंतर सुधारणेचं समीकरण बसवा: केंद्राचा आकडा = क × सेन्सरचा आकडा + ख × आर्द्रता + ग. क, ख, ग हे आकडे तुमच्याच डेटावरून निघतात, एक्सेलमध्येही होतं. समीकरण दोन तृतीयांश दिवसांवर बसवा आणि उरलेल्या दिवसांवर तपासा.

सावधान: इंटरनेटवर एक तयार समीकरण फिरतं, ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेचा ०.०८६२ पट वजा करा, ५.७५ मिळवा. ते अमेरिकेतल्या एका सेन्सरच्या जाळ्यासाठी, तिथल्या हवेवर बसवलेलं आहे. आपल्या गल्लीतल्या धुराला ते लावायचं काही कारण नाही. तसंच हिवाळ्यात बसवलेलं तुमचं स्वतःचं समीकरणही जुलैत चालत नाही.

कॉलेजात फिल्टरवर धूळ गोळा करणारा सॅम्पलर असेल तर उत्तम, पण वजनाचा काटा बघा. सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. ६० मायक्रोग्रॅमच्या हवेत फिल्टरवर जमा होते ती धूळ जेमतेम १.४४ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या प्रयोगशाळेच्या काट्यावर एका घराची चूक झाली की उत्तर चार मायक्रोग्रॅमने हलतं. मायक्रोग्रॅमचा काटा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा ६ : गल्लीत बसवणं

उंची ३ ते १० मीटर. पहिल्या मजल्याची गॅलरी किंवा खिडकीची बाहेरची जाळी उत्तम. सहाव्या मजल्याची गच्ची धुराड्याच्या तोंडाशी येते, तिथला आकडा छान मोठा मिळतो, पण त्या उंचीवर श्वास घेतो तो कावळा.

भट्टीच्या खोलीत सेन्सर ठेवायचा मोह टाळा. आत मैदा उडत असतो आणि सेन्सरला तोही कणच. गॅस आल्यावरही मैदा तेवढाच उडणार, मग 'काहीच सुधारणा नाही' असं उत्तर निघेल. कामगारांच्या श्वासात काय जातं हा महत्त्वाचा प्रश्न आहे, पण तो वेगळा प्रकल्प आहे.

जवळपास वडापावची कढई, देव्हाऱ्याची खिडकी, जनरेटर, कचरा पेटवायची जागा नाही ना, ते रात्रीही जाऊन बघा. दिवसा दिसणारी गल्ली आणि पहाटेची गल्ली वेगळी असते. दोन्ही जागांची उंची सारखी ठेवा.

## टप्पा ७ : भट्टीची वही

हवेचा डेटा मिनिटामिनिटाला येतो आणि भट्टीविषयी लिहिलेलं असतं 'रोज सुमारे २०० किलो लाकूड'. हे 'सुमारे' कोणी सांगितलं? मालकाने, वखारीच्या बिलावरून.

एका रात्री स्वतः जाऊन बसा. मी गेलो होतो तिथे भट्टीवर असलेल्या काकांनी अडीचला दार उघडलं, आतल्या राखेवर जुन्या दरवाजाच्या फळ्या रचल्या, एका फळीला अजून हिरवा रंग होता. पहिली वीस मिनिटं धूर सगळ्यात दाट, कारण भट्टी थंड असते. मग ज्वाळा धरते, धूर पातळ होतो. निखारे एका कडेला ओढून, ओल्या पोत्याच्या फडक्याने तळ पुसून, लांब दांड्याच्या फळीवरून पहिले ट्रे आत गेले तेव्हा सव्वाचार झाले होते. भाजणी सुरू असताना धुराड्यातून जवळजवळ काहीच निघत नव्हतं. म्हणजे 'भट्टी चालू' हा एक आकडा नाहीच. पेटवणं, तापवणं, भाजणं, पुन्हा लाकूड टाकणं, हे वेगवेगळं लिहायचं. ती रात्र बसलो नसतो तर भाजणीचे तास 'धुराचे तास' म्हणून मोजले असते.

वहीत रोज हे रकाने: पेटवल्याची वेळ, प्रत्येक वेळी टाकलेल्या लाकडाचं काट्यावरचं वजन, लाकडाचा प्रकार (जळाऊ, फर्निचरचं भंगार, प्लायवूड), पहिला ट्रे आत गेल्याची वेळ, भट्टी बंद केल्याची वेळ, त्या रात्री लागलेला मैदा किलोमध्ये. शेवटचा रकाना विसरू नका. पाव किती लाद्या निघाले त्यावर लाकूड ठरतं, म्हणून इंधन नेहमी '१०० किलो मैद्यामागे' असं काढा. नाहीतर धंदा मंदावला म्हणून घटलेलं इंधन तुमच्या प्रकल्पाच्या खात्यावर जमा होतं.

लाकडाची ओल मोजा. दोन टोकांचं छोटं मीटर चालतं, किंवा तुकडे प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. इथे हमखास गोंधळ होतो. एक किलो लाकूड वाळून ८०० ग्रॅम झालं तर ओल्या वजनाच्या हिशेबाने ओल २० टक्के, सुक्या वजनाच्या हिशेबाने २५ टक्के. मीटर बहुधा सुक्या वजनाचा आकडा दाखवतं, इंधनाचे तक्ते बहुधा ओल्या वजनाचे असतात. कोणता वापरला ते लिहा.

इथे तपासा: आठवड्याच्या शेवटी वहीतलं एकूण लाकूड आणि वखारीचं बिल जुळतं का? दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर कोणीतरी वजन न करता लाकूड टाकतंय.

## टप्पा ८ : बदलाचे दिवस

नवा बर्नर किंवा नवं ओव्हन आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस मोजणी चालू ठेवा, पण तुलनेत धरू नका. कामगार हात बसवत असतात, एखाद्या रात्री सिलिंडर संपला म्हणून जुनी भट्टी गुपचूप पेटते. ती रात्र वहीत यायला हवी आणि ती यावी म्हणूनच टप्पा ३ मधला चहा.

गॅस मोजायला सिलिंडर रोज काट्यावर ठेवा. पाइपचा गॅस असेल तर मीटरचा रोज एकाच वेळी फोटो काढा. विजेचं ओव्हन असेल तर त्याला वेगळं मीटर लावा. मोठ्या जोडणीच्या बिलात गुणक (मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो) असतो, तो विसरला की युनिट भलतेच येतात.

## टप्पा ९ : हवेचा हिशेब

आधी साफसफाई. तासातली किमान ४५ मिनिटं असतील तरच तो तास धरा. सुधारणेचं समीकरण लावा. मग भट्टीच्या गल्लीतून तुलनेची जागा वजा करा.

समजा, नुसतं दाखवण्यासाठी, आधी गल्लीत ९२ आणि तुलनेच्या जागी ६१ मायक्रोग्रॅम होतं. नंतर ५८ आणि ४१. पोरं लिहितात '३४ ने घट'. त्यातले २० तर तुलनेच्या जागीही घटले, तिथे कुठे भट्टी होती? भट्टीचं म्हणून जे जास्तीचं होतं ते ३१ वरून १७ वर आलं, म्हणजे १४ ची घट. इथवर बरेच जण पोचतात. पण पुढचं बघा. तुलनेच्या जागी हवा एक तृतीयांशाने स्वच्छ झाली ती बहुतेक वाऱ्यामुळे. तोच वारा भट्टीचा धूरही पातळ करणार. इंधन बदललंच नसतं तरी ३१ चे साधारण २१ झाले असते. मग गॅसच्या वाट्याला उरतात चारच. खरं उत्तर ४ आणि १४ च्या मध्ये कुठेतरी, आणि ऋतू बदलल्यामुळे ते याहून नेमकं सांगता येत नाही. टप्पा २ मधलं कॅलेंडर त्यासाठीच होतं.

एक सोपी कसोटी हाताशी ठेवा. भट्टी थंड असलेल्या तासांतला दोन जागांमधला फरक वेगळा काढा. तो बदलाच्या आधी आणि नंतर जवळजवळ सारखाच यायला हवा. तोही घटला असेल तर गल्लीत दुसरंच काहीतरी बदललंय: खोदकाम संपलं, शेजारची बांधकामाची धूळ थांबली, किंवा तुमचा सेन्सर मळला.

सावधान, नमुना किती? ३० दिवस मिनिटामिनिटाला मोजलं की ४३,२०० ओळी होतात आणि अहवालात तेवढा नमुना म्हणून लिहिला जातो. तीन वाजून एक मिनिट आणि तीन वाजून दोन मिनिटं यांत नवीन माहिती जवळपास नाही. तुमचा नमुना ३० रात्रींचा आहे. प्रत्येक रात्रीचा एक आकडा काढा आणि त्या ३० आकड्यांवरच सांख्यिकी चाचणी लावा.

आणि मायक्रोग्रॅम व निर्देशांक एका आलेखात घालू नका. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे १००, आणि ९० मायक्रोग्रॅम म्हणजे २००. मोबाइल ॲपवरचा '१५०' आणि तुमच्या सेन्सरचा '१५०' यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुलना मानकांशी करायची तर २४ तासांचं भारतीय मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं १५. पण ही दोन्ही दिवसभराच्या सरासरीसाठी आहेत. पहाटेच्या दोन तासांचा आकडा त्यांच्यापुढे उभा करून 'मानकाच्या पाचपट' असं लिहिणं चूक आहे.

## टप्पा १० : कार्बनचा हिशेब वेगळ्या पानावर

धूर कमी झाला म्हणजे कार्बनही वाचला, असं जवळजवळ प्रत्येक अहवालात गृहीत धरलेलं असतं. हिशेब करून बघा. आकडे पुन्हा समजुतीसाठीच, १०० किलो मैद्यामागे:

८० किलो लाकूड: आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या) २००६ च्या तक्त्याप्रमाणे किलोमागे १५.६ मेगाज्यूल, म्हणजे १,२४८ मेगाज्यूल. दर गिगाज्यूलला ११२ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे १४० किलो.

१२ किलो एलपीजी: किलोमागे ४७.३, म्हणजे ५६८ मेगाज्यूल. दर गिगाज्यूलला ६३.१, म्हणजे सुमारे ३६ किलो.

११० युनिट वीज: देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे ७७ किलो.

१४० वरून ३६, चांगलंच दिसतं. पण त्याच आयपीसीसीच्या पद्धतीत लाकडाचा कार्बन जैविक म्हणून वेगळा नोंदवतात, ऊर्जेच्या एकूण बेरजेत धरत नाहीत. त्या वहीत तुम्ही शून्यावरून ३६ वर गेलात. दोन्ही आकडे लिहा. लाकूड कुठून आलं यावर खरं उत्तर ठरतं: भंगार फर्निचर, छाटलेल्या फांद्या की तोडलेलं झाड. रंग आणि प्लायवूडचा चिकट द्रव तर जैविकही नाही. काजळीचा तापमानवाढीतला वाटा या हिशेबात आलेलाच नाही, तेही एका ओळीत सांगा.

वीज गॅसपेक्षा जास्त का दिसते, असं परीक्षक विचारतील. कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. गल्लीतला धूर संपतो आणि धुराडं दुसऱ्या जिल्ह्यात जातं. छतावर सौर पॅनेल असतील तर लगेच 'शून्य उत्सर्जन' लिहू नका, बेकरी पहाटे तीनला चालते. नेट मीटरिंगमध्ये (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत) बिल शून्य होऊ शकतं, पण पहाटेची वीज ग्रिडचीच असते. महिन्याची निर्मिती आणि महिन्याचा वापर असे दोन वेगळे आकडे द्या.

## टप्पा ११ : परत केंद्राशेजारी, मग अहवाल

मोजणी संपली की सेन्सर पेटीत भरून कपाटात टाकू नका. पुन्हा आठवडाभर त्याच सरकारी केंद्राशेजारी चालवा. महिनोन्‌महिने धूर खाल्लेल्या सेन्सरची नजर मंदावते. ती किती मंदावली ते कळलं नाही तर घट हवेत झाली की सेन्सरमध्ये, हे कोणी सांगावं? फरक दिसला तर तो मधल्या काळावर वाटून आकडे दुरुस्त करा. मोठा असेल तर शेवटचे आठवडे सोडून द्या.

अहवालात या गोष्टी असायलाच हव्यात: दोन्ही जागांचा नकाशा आणि उंची, दोन्ही वेळच्या केंद्राशेजारच्या चाचण्यांचे आलेख, वगळलेल्या दिवसांची यादी कारणांसकट, आणि कच्चा डेटा. घट सांगताना एक आकडा देऊ नका, '४ ते १४' अशी कक्षा द्या. परीक्षकाला ती कमी चमकदार वाटेल, वाटू द्या.

बेकरीच्या मालकाला वेगळं एक पान द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यात पीएम २.५ खाली कुठेतरी असू दे. वर १०० किलो मैद्यामागे लाकडाचा खर्च किती होता आणि गॅसचा किती आला हे रुपयांत लिहा. तुम्ही दारात उभे असताना पहिला प्रश्न तोच येणार, आणि वही नीट भरली असेल तर उत्तर तुमच्याकडे असेल.